मुक्ताई गटाचं दुसरं खातं

खडकदऱ्याच्या छबूबाईचं अक्षर टपोरं. माहेरी सातवीत असताना फळ्यावरचा सुविचार गुरुजी तिच्याकडूनच लिहून घेत. लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात आली, नवऱ्याच्या, कानिफनाथच्या चार एकरांत राबली, दोन लेकरं वाढवली, तरी अक्षर काही मोडलं नाही. रेशनकार्डाचा अर्ज असो की कुणाच्या लेकीच्या लग्नातला आहेर लिहायचा असो, गावातल्या बायका तिच्याच दारात यायच्या. ती पदराला हात पुसून पेन घ्यायची आणि समोरची बाई तिच्या हाताकडं बघत बसायची. ते तसं बघत बसणं छबूबाईला फार आवडायचं. तिनं ते कबूल केलं नसतं, पण आवडायचं.

आता तिचं वय चोपन्न. तीन वर्षांपासून ती सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करायला जाते. पहाटे साडेपाचला फाट्यावर जीप येते, दुपारी तीनला तीच जीप परत सोडते. एका पाळीला सातशे चपात्या. पगार बँकेत जमा होतो, आणि ज्या दिवशी जमा होतो त्या दिवशी ती मोबाईलवरचा मेसेज दोनदा उघडून बघते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती जीपमधून उतरली तर पोस्टमन टपरीपाशी गाडी लावून चहा घेत होता.

"बरं झालं हितंच भेटल्या," तो म्हणाला. "रजिस्टर हाय तुमच्या नावचं. सही करा."

तिनं आपल्या टपोऱ्या अक्षरात सही केली. पाकिटावर लिहिलं होतं, 'अध्यक्षा, मुक्ताई महिला बचत गट, मु. पो. खडकदरा'. हे नाव तिनं दहा-बारा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चालता चालता पाकीट फाडलं. वरच्याच ओळीत 'न्यायालय' हा शब्द दिसला आणि ती दोन्हीकडच्या उभ्या ज्वारीत मधोमध थांबली.

कागद लोकअदालतीचा होता. बँकेनं मुक्ताई गटाच्या कर्जखात्यावर एकतीस हजार आठशे सत्तर रुपये येणं दाखवलं होतं. मार्च महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी पारनेरच्या कोर्टात हजर राहा, तडजोड करा, न केल्यास पुढील कायदेशीर कारवाई करण्यात येईल, असं खाली होतं. सगळ्यात खाली दोन नावं होती. एक तिचं. दुसरं कडूबाईचं.

तिनं कागदाची बारीक घडी घातली आणि झंपरात खोचली. घरी येईपर्यंत ती घडी घामानं भिजली.

*

मुक्ताई गट म्हणजे अकरा बायका आणि महिन्याचे पन्नास-पन्नास रुपये. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अध्यक्ष छबूबाई, कारण तिला लिहिता येत होतं. सचिव कडूबाई, कारण ती कुणाला भीत नव्हती. कडूबाईचं माहेर पाथर्डीकडं डोंगरात. आईबाप दर दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जायचे, आणि तिचं सगळं बालपण उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेलेलं. शाळा नशिबात नव्हती. सही करायला तिला छबूबाईनंच शिकवलं, आठ दिवस रोज संध्याकाळी, पाटीवर. दोघींची अशी काही गट्टी जमली की एकीच्या घरी कालवण झालं की दुसरीच्या घरी वाटी जायची.

गटाला बँकेनं पन्नास हजारांचं कर्ज दिलं. त्यातून शेवयांचं मशीन घेतलं. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, पापड करून बायका पारनेरच्या बाजारात न्यायच्या. हप्ते नीट जात होते. मग लागोपाठ दुष्काळ पडला. गावात पाण्याचा टँकर सुरू झाला. जिथं प्यायला पाणी मोजून, तिथं शेवयांचं पीठ कशानं मळायचं? अकरापैकी चार घरं बाहेरगावी कामाला गेली. शेवटी बायकांनी मशीन विकलं. त्याचे सहा हजार चारशे आले. कर्जही तेवढंच उरलं होतं. तेवढे भरले की गट मोकळा.

त्या आठवड्यात छबूबाईची थोरली लेक बाळंतपणाला आलेली होती. तिला घर सोडता येईना. म्हणून पैसे घेऊन कडूबाई एकटी पारनेरला गेली, भरून आली, म्हणाली, "भरलं बाई. सुटलो."

पुढच्या वर्षी बँकेचा वसुलीचा माणूस गावात आला. मुक्ताईचे सहा हजार चारशे अजून उभेच आहेत म्हणाला. त्याच दिवशी टँकरपाशी, सगळ्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना, तिनं कडूबाईला विचारलं, "पावती कुठंय?"

"झंपरात हुती. ध्यान न्हाई राहिलं. धुन्यात गेली," कडूबाई म्हणाली.

हे उत्तर कुणालाही खोटंच वाटलं असतं. छबूबाईलाही वाटलं. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "कोयत्यावर वाढलेल्या मानसाच्या हातात गटाचा पैसा दिला, चूक माझीच," असं ती बोलून गेली. रांगेतली कुजबूज एकदम थांबली. कडूबाईनं अर्धा भरलेला हंडा उचलला आणि ती घरी गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी कडूबाईचा मुलगा सूर्यभान सुप्याला टेम्पो चालवायला लागला आणि ती माणसं गाव सोडून गेली. वसुलीचा माणूसही पुन्हा फिरकला नाही. ती बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली. कर्ज माफीत गेलं असेल, असं म्हणत म्हणत छबूबाईनं ते खातं मनातूनच काढून टाकलं.

*

तिनं कागद कुणाला दाखवला नाही. कानिफनाथला तर नाहीच. गावाच्या भानगडीत पडू नकोस, सह्या करायला पुढं पुढं करू नकोस, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. चार दिवस तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत राहिला आणि छबूबाईच्या डोक्यातही.

कॅन्टीनमध्ये तव्यावरची चपाती उलटताना बोटं भाजली, तेव्हा तिला कळलं की आपण चिमटा हातात न घेताच उलटत होतो. कॅन्टीनच्या गेटवर खाकी कपड्यांतला कुणीही दिसला की ती भिंतीच्या आडोशाला सरकायची. तो सिक्युरिटीवाला असायचा, रोजचाच, ओळखीचा. तरी सरकायची. एकतीस हजार म्हणजे तिचे चार पगार. आणि पगार त्याच बँकेत येत होता. खात्याला होल्ड लावला तर? घरात काय सांगायचं? कंपनीला कळलं तर ते म्हणतील, ही कोर्टाची बाई नको. असे एकातून एक फाटे फुटत जायचे आणि पीठ मळायच्या मशीनचा आवाज त्या सगळ्यावर चालूच असायचा.

शनिवारी तिनं सुनेला विचारलं. दिपाली बारावी शिकलेली, आदिनाथची बायको. चुलीपुढं बसून भाकरी करत होती.

"दिपाली, बँकेत एखाद्याच्या खात्याला होल्ड लागतो, तो कसा लागतो गं?"

"कुनाच्या खात्याला?"

"कुनाच्या न्हाई. कॅन्टीनमदी एक बाई सांगत हुती."

दिपालीनं भाकरी पालथी केली, हात झटकले आणि सासूकडं नीट बघितलं. "आत्या, चार दिस झाले तुमी अर्धी भाकर ताटात टाकून उठताय. त्या बाईला म्हनावं, कागद दाव."

छबूबाई उठली. पिशवीतून कागद काढून तिनं सुनेच्या मांडीवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाईनं आपल्यासाठी कागद वाचावा म्हणून समोर बसून राहिली.

दिपालीनं तो दोनदा वाचला. "हितं कुनी धरून न्यायची भाषा न्हाई. तडजोडीला बोलावलंय. आधी बँकेत जाऊन खातं बघू. बघितल्याबिगर कशाचं भ्यायचं?"

"बघितल्यावर भ्यायची पाळी आली तर?"

"मग दोगी मिळून भिऊ," दिपाली म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

*

सोमवारी छबूबाईनं खाडा केला. दोघी एसटीनं पारनेरला गेल्या. बँकेत एक तरुण बाई होत्या, टेबलावर पाटी होती, पंकजा नावाची. त्यांनी नोटीस घेतली, संगणकात बराच वेळ शोधलं, मग म्हणाल्या, "मावशी, जुन्या शाखेचं खातं आहे, नंबर बदललेत. जरा बसा."

त्या 'जरा'त पाऊण तास गेला. छबूबाई बाकावर बसून समोरच्या कॅशियरच्या काचेकडं बघत होती. तिला आठवण्यापेक्षा विसरायचंच जास्त होतं. दिपालीनं मध्येच पाण्याची बाटली पुढं केली. तिनं घेतली नाही.

"या," पंकजामॅडम म्हणाल्या. "तुमच्या गटाची खाती दोन आहेत. एक कर्जाचं. ते खातं थकबाकीत गेलेलं आहे. सहा हजार चारशे मुद्दल राहिलं, त्यावर व्याज चढत गेलं आणि तो आकडा झाला. दुसरं बचत खातं. त्याचं नोटिशीत काही नाही, कारण ते बंद पडल्यासारखंच आहे. दहा-बारा वर्षांत हात लागलेला नाही. पण त्यात पैसे आहेत."

"कसले पैसे?" दिपालीनं विचारलं.

मॅडमनी छापलेला कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला आणि शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. जून २०१३. रोख जमा, सहा हजार चारशे.

"म्हंजे भरलेत की," दिपाली म्हणाली.

"भरलेत. पण कर्जाच्या खात्यात नाही, बचतीच्या खात्यात. स्लिपवर जो नंबर असेल तिथंच जमा होतात. बहुतेक स्लिप भरताना पासबुकातला नंबर टाकला असेल कुणीतरी. असं होतं पुष्कळदा."

छबूबाई त्या ओळीकडं बघत राहिली. स्लिप कुणी भरली, हे तिला विचारावं लागलं नाही. कडूबाईला सहीपलीकडं काही लिहिता येत नव्हतं. लेकीचं बाळ मांडीवर होतं, पासबुक उघडून समोर ठेवलेलं होतं, आणि तिनंच तो निळा कागद भरला होता. तारीख, नाव, खाते क्रमांक, अक्षरी रुपये सहा हजार चारशे फक्त. एकही खाडाखोड नाही. कडूबाई शेजारी बसून तिच्या हाताकडं बघत होती.

"मावशी, बरं वाटत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, बरी हाय. फुडं सांगा."

पुढचं असं होतं. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. अर्ज केला की व्याजासकट परत मिळते, पण दोन-तीन महिने लागतात. लोकअदालतीत बँक बहुतेक व्याज सोडेल, नऊ हजारांपर्यंत तडजोड होईल, ते मात्र आधी भरावे लागतील. दोन्ही कामांना अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या, आधार, फोटो हवे. आणि गटात हयात असलेल्या सगळ्या बायकांच्या सह्यांचा ठराव.

"सचिव कुठं असतात तुमच्या?"

"सुप्याला," छबूबाई म्हणाली.

तीन वर्षं ती रोज सुप्याला जात होती. रोज.

*

संध्याकाळी कानिफनाथला सांगावंच लागलं. तो अंगणात गाईपुढं वैरण टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, आणि त्यामुळं छबूबाईची भीती उलट वाढली.

"मंग बँकेनं चूक केली म्हन तिला," तो म्हणाला. "क्लार्कानं उलटंसुलटं जमा केलं म्हनायचं. बारा वर्सं झाली, कोन इचारतंय? सही घे आन् मोकळी हो."

"स्लिप मी भरली हुती."

"तुला म्हाईत. तिला कुठं म्हाईत हाय?"

रात्रभर तिला तेच सुचत राहिलं. बँकेची चूक. दोन शब्द, आणि कुणाचंही काही जात नव्हतं. उलट बँकेवर राग धरायला दोघींना एकत्र बसता आलं असतं. सकाळी जीपमध्ये बसेपर्यंत तिनं ते वाक्य पक्कं केलं होतं, कसं सुरू करायचं तेसुद्धा.

पाळी संपल्यावर ती जीपमध्ये चढली नाही. चौकशी करत कांद्याच्या वखारीपाशी गेली. कडूबाई तिथं कांदा निवडायला असते, असं सूर्यभानच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायका गोल करून बसल्या होत्या. मधोमध कांद्याचा ढीग. कडूबाई एका कडेला होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण बसायची पद्धत तीच, एक गुडघा उभा.

"कडू," छबूबाई म्हणाली.

कडूबाईनं मान वर केली. ओळखलं. पुन्हा मान खाली घालून तिनं एक सडका कांदा बाजूला फेकला.

"जरा बाहीर येती का? बोलायचं हाय."

"हितंच बोल."

"घरचं हाय गं."

"मला तू घरात न्हवती बोलली," कडूबाई म्हणाली. आवाज शांत होता. "चारचौघीत बोलली हुतीस. काय आसंल ते हितं बोल."

शेजारच्या बायकांचे हात हळू झाले. छबूबाईच्या हातात कॅन्टीनच्या डब्याची पिशवी होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली. पक्कं केलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं. मग कडूबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि ती तिच्याकडं बघू लागली, नुसतं, काही न मागता. ते वाक्य घशातच राहिलं.

"तू पैसे भरले हुते," छबूबाई म्हणाली. "बँकेत कागद निघाला. समदे भरले हुते. मी स्लिपवर नंबर चुकीचा टाकला. कर्जाचा टाकायचा तर बचतीचा टाकला. चूक माझी हुती आन् बोलले मी तुला."

बाहेर एक ट्रक मागं घेत होते, त्याची पीं-पीं चालू होती.

"आता का आली सांगायला?" कडूबाईनं विचारलं.

छबूबाईनं नोटीस काढली. सगळं सांगितलं. कोर्ट, तारीख, सह्या, ठराव. सांगता सांगता तिला स्वतःलाच ऐकू आलं की हे किती वाईट दिसतंय. सही हवी म्हणून आलेली बाई.

"म्हंजे नोटीस आली नसती तर तू आली नसती."

"न्हाई," छबूबाई म्हणाली. "मला म्हाईतच झालं नसतं."

कडूबाई बराच वेळ कांदे निवडत राहिली. छबूबाई उभीच होती. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही कुणी म्हटलं नाही.

"पैशाचं मला काई न्हाई," अखेर कडूबाई म्हणाली. "चोर म्हनलीस तेबी गेलं आसतं. मानूस घाबरल्यावर बोलतं. पन माझ्या आईबापाचं काडलंस तू. माझा बाप उसाच्या गाडीखाली पाय मोडून बसला, तरी मुकादमाची उचल एक पैसा बुडवली न्हाई त्यानं. टँकरपाशी ज्या बायका हुत्या त्यांनी ते ऐकलं. म्या गाव का सोडलं, तुला काय वाटलं, टेम्पोसाठी?"

कडूबाईनं हातातला कांदा ढिगावर टाकला.

"ठरावावर समद्या बायकांच्या सह्या घे. एकेकीच्या घरी जा आन् सही घेताना हे आत्ता मला सांगितलं ते तिला सांग. माझी सही शेवटाला."

*

अकरापैकी दोघी वारल्या होत्या. एक शिरूरला लेकीकडं होती. छबूबाई आणि कडूबाई सोडून उरलेल्या सहा गावातच. छबूबाईनं वहीच्या पानावर ठराव लिहिला. गटाच्या कर्जखात्याचा नंबर तिनं कागदावरून बोट ठेवत एकेक आकडा वाचत उतरवला. मग दिपालीला वाचायला लावला. मग पुन्हा स्वतः वाचला.

पहिलं घर सुरेखाचं. सगळ्यात अवघड ते आधी उरकावं म्हणून. सुरेखाच्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं. तिनं ऐकलं, हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं माय. आन् आमी इतकी वर्सं तिलाच..." पुढचं तिनं गिळलं. सही केली. छबूबाई दारातून बाहेर पडताना तिला मागून हाक आली, "च्या तरी घेऊन जा." ती थांबली नाही. थांबली असती तर पुढच्या घरी जायचं बळ राहिलं नसतं.

दोघींनी फारसं काही विचारलं नाही. एकीनं फक्त विचारलं, आपल्याला काही भरावं तर नाही ना लागणार. एकीनं सही केली आणि खाली बघत म्हणाली, "मी हुते टँकरपाशी. मीबी तवा काई बोलले न्हाई." ती बाई रडली. छबूबाई रडली नाही.

सगळ्यात वाईट झालं ते राधाकृष्णच्या आईपाशी. म्हातारी ओट्यावर बसली होती. तिला ऐकू येत नाही. छबूबाई हळू आवाजात सांगू लागली तर ती म्हणे, "मोठ्यांदी बोल की." छबूबाईनं आवाज चढवला. म्हातारी पुन्हा म्हणाली, "कुनाची चूक?" रस्त्यानं दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडं माणसं चालली होती. छबूबाईनं एकदा तिकडं बघितलं, मग म्हातारीच्या कानाशी वाकून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझी. चूक माझी हुती. कडूबाईची न्हवती."

"व्हय व्हय," म्हातारी म्हणाली. "ती पोर चांगली हुती. मला शेवया आनून द्यायची." आणि तिनं शाईच्या डब्यासाठी अंगठा पुढं केला.

शिरूरच्या बाईची सही आणायला दिपाली आदिनाथबरोबर मोटारसायकलवर गेली. जाण्याआधी छबूबाईनं तिला सांगितलं, "फोन लावून दे मला. सांगायचं ते मीच सांगते."

*

लोकअदालतीच्या दिवशी सकाळी नऊलाच छबूबाई पारनेरच्या कोर्टाच्या आवारात येऊन बसली होती. अकरा वाजले तरी कडूबाई आली नव्हती. मांडवात नावं पुकारली जात होती. वीजबिलं, ग्रामपंचायतीच्या घरपट्ट्या, बँकांची जुनी कर्जं. छबूबाईच्या पिशवीत दहा हजार होते, पगारातून काढलेले एक हजार आणि कानिफनाथनं काही न बोलता हातावर ठेवलेले कांद्याचे नऊ हजार. ती दर दोन मिनिटांनी पिशवी चाचपत होती. सचिव आली नाही तर? पुढची तारीख कधी? आलीच नाही कधी, तर?

"मुक्ताई महिला बचत गट," पुकारा झाला.

छबूबाई उभी राहिली. टेबलापाशी पोचली, "सचिव कुठं आहेत?" असं विचारलं गेलं, आणि ती "येतायत" म्हणायला तोंड उघडते तोच मागून आवाज आला, "हाय की हितं." कडूबाई मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिनं पुढं येऊन ठराव मागून घेतला. चष्मा लावून ती सह्या बघत गेली, वाचता येत नसलं तरी, एकेकीवर बोट ठेवून.

"ही कुनाची?"

"सुरेखाची."

"हिला सांगितलं?"

"सांगितलं."

"हा अंगठा?"

"राधाकृष्णच्या आईचा."

कडूबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. "तिला कसं सांगितलंस?"

"वरडून," छबूबाई म्हणाली.

मग कडूबाईनं पेन घेतलं. वेळ लागला. ती अजूनही एकेक अक्षर वेगळं काढून सही करत होती, पाटीवर शिकवली होती तशीच. टेबलामागचे साहेब थांबले. बँकेच्या पंकजामॅडमनी आकडा सांगितला, आठ हजार पाचशेला मिटलं. पावती मिळाली. छबूबाईनं ती कडूबाईच्या हातात दिली. कडूबाईनं ती उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली.

"तूच ठेव. माझ्याकडून धुन्यात जाती."

ती हसत नव्हती. छबूबाईलाही कळेना, हसावं की नाही.

बचत खात्याच्या अर्जावरही त्याच दिवशी तिथंच, पंकजामॅडमपाशी दोघींच्या सह्या झाल्या. ते पैसे कधी येतील, किती येतील, हे मॅडमनाही नक्की सांगता आलं नाही. आले तर आधी छबूबाईचे आठ हजार पाचशे, मग उरेल ते नऊ जणींत, असं कडूबाईनंच ठरवून टाकलं, जणू गटाची बैठक चालू होती. छबूबाईनं नुसती मान हलवली.

स्टँडवर सुप्याची गाडी आधी लागली. कडूबाई चढायला निघाली आणि पायरीवरच थांबली.

"छबे," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा. "परत कदी आसा कागद आला तर चार दिस उराशी धरून बसू नको. आधी मला फोन लाव."

"तुझा नंबर न्हाई माझ्याकडं."

कडूबाईनं कंडक्टरकडं बघितलं, तो बेल ओढायच्या बेतात होता. तिनं खिडकीशी बसून नंबर सांगितला, एकेक आकडा, आणि छबूबाईनं तो हातावर लिहून घेतला. लिहिल्यावर परत वाचून दाखवला. गाडी हलली होती, तरी कडूबाईनं खिडकीतून मान बाहेर काढून शेवटचे दोन आकडे पुन्हा सांगितले, बरोबर असूनही.